मखाम झोपली आहे

...बावीस पानं, तुम्हाला सांगते, बावीस! एका कुत्रीसाठी! मी दोन पोरं वाढवली, एक नवरा वाढवला, तो तर अजून वाढतोच आहे, पण मला कुणी अर्धं पान लिहून दिलं नाही. आणि आमच्या ओडिलबाई महिनाभर लेकीकडे फ्रान्सला निघाल्या तर मखामसाठी बावीस पानं, वर प्लास्टिकचं कव्हर! बरं, दिली कुणाला? मला? छे! अकरा वर्षं त्या घरातली झाडलोट मी करते, पण घर आणि कुत्री सांभाळायला आणला कोण, तर इंटरनेटवरून ग्रेगर. स्कॉटलंडचा. त्यानं फुकट राहायचं, फुकट सांभाळायचं, म्हणे हल्ली जगभर असंच चालतं. बाई म्हणाल्या, "चालेल ना गं सायथोंग?" मी म्हटलं, हो बाई.

आला. उंच इतका, की पहिला नमस्कार त्याच्या कपाळानं चौकटीलाच केला. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी, मधे त्याचा फोन. हा काहीतरी पुटपुटणार आणि फोनमधली बाई आमच्या थायमध्ये बोलणार, तीही कशी, राजवाड्यात वाढल्यासारखी... "आदरणीय भगिनी, श्वानाचे भोजनपात्र कुठे आहे?" अरे बाबा, तुझ्या पायाशी आहे!

आता त्या बावीस पानांतलं पान चार. पान चारवर बाईंनी लिहिलंय, मला कौतुकानं वाचूनही दाखवलं, "सकाळी सहा ते अकरा मखाम मागच्या अंगणात झोपते. तिला उठवू नये." झोपते? मखाम? मखाम म्हणजे चिंच, आणि तोंड नावाला शोभेल असं आंबट. ती सहाच्या ठोक्याला फाटकाशी बसते. भन्ते अनवाणी भिक्षेला येतात, मी फाटक उघडते, पात्रात भात घालते, की ही निघाली त्यांच्यामागे शेपूट वर करून, जशी काही विहाराची कारभारीण. भन्तेंना हात लागू नये म्हणून मी बाईमाणूस चार हात लांब, आणि ही त्यांच्या पायांत! अकराला विहारातलं शेवटचं जेवण आटोपलं, की पोट तट्ट फुगवून परत. बाई उठतात दहाला, कॉफी, अंघोळ, फोन... अंगणात येतात तोवर ही पसरलेली. "बघ गं, कशी झोपाळू आहे माझी मखाम!" आता मी काय म्हणणार? आमच्याकडे कुणाचा आनंद तोंडावर मोडत नाहीत हो. म्हटलं, हो बाई. एकदा म्हटलं, ते आठ वर्षं म्हणत राहिले. पान सातवर तर कोंबडी बंद, तिला सोसत नाही म्हणून. डॉक्टर विचारतात, इतकं मोजून खाते, तरी वजन कसं वाढतं? मला माहीत आहे. मला कोण विचारतंय?

तर दुसऱ्या दिवशी वाटलं, ग्रेगर विमानातून आलाय, पडून असेल. भन्ते आले, मखाम गेली. आणि साडेसातला हा माझ्यापुढे, हातात बावीस पानं, पान चार उघडं. "आदरणीय भगिनी, श्वान अदृश्य झाले आहे." पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, फ्रिजमध्ये बघितलं... फ्रिजमध्ये! चेहरा पांढराफटक, म्हणजे आधी होताच, पण आणखी. आणि मग फोनमधली बाई शांतपणे म्हणते, "मी मालकीणबाईंना कळवीत आहे."

बाई पहिलं विचारणार, फाटक कुणी उघडलं? आठ वर्षांचं खोटं एका सकाळी बाहेर. काम गेलं तर दुसरं मिळेल, पण मला डेंगू झाला तेव्हा चार दिवस उशाशी बसलेली बाई आहे ती. तिच्या नजरेतून उतरले तर मला नाही सोसायचं. मी त्याचं मनगट धरलं, फोनसकट, आणि ओढत नेलं विहारात.

तिथे मखाम म्हाताऱ्या भन्तेंच्या चौथऱ्याखाली, तोंडात तळलेल्या कोंबडीची तंगडी. आम्हाला बघून शेपूटसुद्धा हलवली नाही. ग्रेगरनं तिच्याकडे बघितलं, मग पान सात बघितलं, मग माझ्याकडे. "आदरणीय भगिनी, हे रोज घडते?" मी मान हलवली. "मालकीणबाईंना ज्ञात आहे?" मी त्याच्या हातातली पानं उलटून पान चारवर बोट ठेवलं.

भन्ते म्हणाले, "बाई, पाहुणा उपाशी दिसतोय. आमचं सकाळचं झालंय, त्याला वाढ." बसला मांडी घालून. चिकट भात, हिरव्या मिरचीची चटणी, डोळ्यांतून धारा, पण हात काही थांबेना. खाऊन झाल्यावर बाईंना निरोप लिहिला आणि फोनमधल्या बाईकडून मला ऐकवला, "मखाम झोपली आहे. पान चारप्रमाणे." एका सकाळीत शिकला हो! मला रडूच आलं.

वाटलं, सुटले. कसली सुटतेय! आता सहाला फाटकाशी दोघं. पुढे भन्ते, मागे मखाम, तिच्यामागे भिक्षेच्या पिशव्या उचलून ग्रेगर, आणि अकराला दोघंही पोट तट्ट फुगवून परत. काल दहाला बाईंचा फोन. तिकडे पहाट, नातवानं उठवलं होतं. "सायथोंग, ग्रेगर फोन का उचलत नाही गं? झोपलाय का?"

मी रिकाम्या अंगणाकडे बघितलं.

"हो बाई. मागच्या अंगणात."

"अगं, तोही?"

काय करणार सांगा. म्हटलं, हो बाई.