बोटीला लाभलेला डोळा

जलमले पाचूबंदरला, कोळ्याच्या घरात. सा महिन्यांची आसन तवा माजा डावा डोळा नाकाकडं वळला, आन त्याच टायमाला बाच्या जाळ्यात घोळ, ती लय म्हाग मासळी, ढीगभर गावली. झालं, सगळी बोलाय लागली, पोरीचा डोळा लक्षुमीचा हाय. तवापासून नारळी पुनवेला बोट पान्यात लोटायच्या आदी मला नवा परकर नेसवून बोटीच्या पुढच्या टोकाला बसवायची. शेजारचे बोटवालेपन मागून न्यायचे. मान लय व्हता, काय सांगू तुमाला ताई, मीच फुगायची.

शाळेतल्या बाय बाला बोलल्या का लहान हाय तवर डॉक्टरला दाखवा, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांदतील, नायतर वाकडा डोळा बगायचं इसरंल. बा बोलला, लक्षुमीला पट्टी बांदू काय? आय कवा बोललीच नाय, बोलायला पायजे व्हती.

मग लगनाचं वय झालं. ज्यांच्या बोटीवर मी बसायची त्यांच्याच पोराचं इचारलं, तर त्याची आय बोलली, बोटीला चालते ती, घरात नको, पोरं चकनी निपजतील. तिथंच नाय, कुटंच जमलं नाय. आन डोळा तर कवाच गेला, उजवा झाकला का समोरचा मानूस नुसता धुरासारका. मानिकपूरच्या बाजारात म्हावरं इकते, तर गिऱ्हाईक मागं वळून बगतं, ही कोनाशी बोलते. चकनी चकनी करतात, मी आयकते, कान सरळ हायेत माजे.

आता भावाच्या नातीचा डोळा वळला. भाऊ खूस, बोलला आपली लक्षुमी परत आली, पुनवेला हिला बसवू. मी बोलले, बसवून बग, बोटीला आग लावीन. भावाच्या सूनबायला घेतलं, तिच्या पोरीला घेतलं, डॉक्टरकडं गेले. त्यानं पट्टी दिली, बोलला येळेवर आनलीत. मी इचारलं, आन माजा डोळा? तो बोलला, मावशी, तुमाला लहानपनीच कोनी आनायला पायजे व्हतं.

पट्टी लावली का पोर रडते, सूनबाय धरून बसते, सोडत नाय. पुनवेला बोट तशीच गेली, म्हावरं कमी आलं, तर भाऊ बोलतो माज्यामुळं. बोलू दे. एकवीरा आय, एवडंच कर, ह्या पोरीला कुनाची लक्षुमी नको करू, दोन डोळ्यांनी सुई ओवू दे तिला.