हात वर करणाऱ्याला शिक्षा

हॅलो?… हॅलो, कोण?… जोरात बोल गं, मागे लूमची नुसती खडखड चाललीय!… रशिदा? अगं, आवाजच ओळखेना तुझा. कारखान्यातल्या फोनवरून बोलतेयस का?

कोण, हे? हे… नाहीत गं घरी. आत्ताच बाहेर पडले. मानकोलीला गेलेत कुणाकडे तरी…

(रिसिव्हरवर हात ठेवून) अहो, मान काय हलवताय नुसती? इतक्या वर्षांनी नंबर लागून घरात फोन आला, तो काय मी खोटं बोलायला?

हां, बोल… नाही नाही, कुकर बघत होते… काय? तुझ्या लेकाला, यूनुसला दोन वर्षं बंदी? अगं बाई!… नाही गं, मला कुठलं माहीत! हे कबड्डी संघटनेच्या शिस्त समितीवर असले तरी घरात चकार शब्द काढत नाहीत.

हो… हो… अगं ऐक ना, पंचाला धक्का मारल्यावर… हिरामणनंही मारला? त्याच मॅचमध्ये? त्याच पंचाला?… मग त्याला काय?… ताकीद! नुसती ताकीद? अध्यक्षांच्या टीमचा ना तो?… वाटलंच मला.

रडू नको गं… कळतंय मला. कंपनीनं यूनुसला कबड्डीसाठीच घेतलंय. दोन वर्षं खेळला नाही तर नोकरीवर ठेवतील कशाला…

पण दोघांना वेगवेगळा न्याय कसा?… हां… हां… हिरामण म्हणाला, मी हातच लावला नाही. म्हणून पुरावा नाही. आणि यूनुस?… कबूल झाला! अगं, कशाला कबूल व्हायचं?…

हो. यांनीच शिकवलंय त्याला. अंजूरच्या मैदानात, लहान होता तेव्हा. टच झाला की पंचानं पाहो न पाहो, आपण हात वर करायचा आणि बाहेर जायचं… माहीत आहे गं. मीच पाणी घेऊन जायचे पोरांना.

सही? यांची सही आहे त्या निकालावर?… मी काय सांगू रशिदा? बोलावं तरी पंचाईत, गप्प बसावं तरी पंचाईत. लाज वाटते गं मला.

काय?… यूनुस इथे खाली उभाय? कधीपासून?… म्हणजे यांची स्कूटर बघून कोपऱ्यावरून त्यानंच फोन केला तुला. मग वर का नाही आला?… सर बोलावतील तेव्हाच येईन म्हणतो?

म्हणजे तुला ठाऊक होतं! आणि मघापासून मी मानकोली काय, कुकर काय…

ऐक. मी आउट. हा बघ, हात वर केला. हे घरीच आहेत, माझ्यासमोर पलंगावर बसलेत.

(खिडकीकडे वळून) यूनुस! ए यूनुस! वर ये रे, सर बोलावतायत!

ठेवते गं… अहो, चपला कसल्या घालताय? जिना एकच आहे.