टबाचं काय लिहायचं

ट्रिंडरबाई लंडनमधल्या एका प्रकाशकाच्या कचेरीत बाकावर बसून होत्या. त्यांचा आल्फी ज्या साहेब-मडमांचा नोकर म्हणून आफ्रिकेत गेला आणि तिकडेच मेला, ते दोघं आज प्रवासाच्या वह्या घेऊन येणार होते. पोरगा कसा गेला, एवढंच बाईंना विचारायचं होतं. दोघं आले आणि शेजारीच टेकले. बाईंना ते ओळखत नव्हते.

"हे बघ, दोघांच्या वह्या जुळायला हव्यात. माझ्या वहीत आल्फी तापानं मेलाय."

"अहो, ताप तुम्हाला आला होता. आल्फी तुमच्या आंघोळीच्या टबात बसून नदी ओलांडताना बुडाला."

"टब छापायचा नाही."

"मग नावेत का नव्हता, असं विचारतील ना लोक."

"नावेत जागा कुठे होती? तुझ्या टोप्यांच्या पेट्या होत्या."

"आणि तुम्ही गोळा केलेले दगड."

"बरं, असं करू. तू बुडत होतीस आणि त्यानं उडी मारली. वाचणाऱ्यांना आवडेल."

"मी काठावर चहा पीत होते."

"चहा खोड."

"मग पोहत माझ्यापर्यंत आला, असं लिहिते."

"त्याला पोहता येत नव्हतं," ट्रिंडरबाई म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं.

"बरं झालं सांगितलंत, बाई," मडम म्हणाली आणि तिनं 'पोहत' खोडलं.