शालिनीच्या पत्रिकेची अक्षरं

अहो, लग्नपत्रिका ही वाचायची वस्तू की भिंतीला टांगायची, तुम्हीच सांगा! आमच्या दाजीबानपेठेतला कापडवाला केदारी, साधा माणूस हो, लेकीचं लग्न काढलं आणि पत्रिका छापायचं काम लेकीवरच सोपवलं... इथंच फसला! शालिनीनं छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर शोधून शोधून अक्षर काढलं. 'अप्पा, जुन्या वळणाचं आहे, राजेरजवाड्यांच्या वेळचं!' आता त्या राजांची टपालं कशी पोचायची देव जाणे, कारण प्रत्येक वेलांटीला वेल फुटलेला, उकाराची शेपटी खालच्या ओळीत फिरून येणारी, काना कुठला नि कोयरी कुठली... पण देखणी हो, तेवढं म्हणायलाच हवं!

पहिली पत्रिका देवीपुढं ठेवली. तिनं वाचली असेल तर तिलाच ठाऊक! दुसरी शेजारच्या कानडी बाळाप्पाला. त्यानं सुलटी धरली, उलटी धरली, 'केदारी अण्णा, इदु मराठीयो, कन्नडवो?' झालं! केदारी मग घरोघर तोंडपाठ म्हणून दाखवत सुटला, 'बुधवारी, उणकलच्या कार्यालयात, यायचंच हं!' आणि लोक काय म्हणायचे? 'येतो की... पण अक्षरं देखणी हो!'

तुम्हाला सांगतो, एवढ्यावर भागलं असतं. पण अमरगोळला त्याची थोरली बहीण, तानूबाई. वडिलांच्या तेराव्याला कढी खारट कुणी केली, यावरून दोघांचं बोलणं बंद... हसू नका, तुमच्याही घरात असली एक कढी असेलच! तर अक्षता घेऊन दारात जायचं सोडून यानं पत्रिका पोस्टानं धाडली. सख्ख्या बहिणीला, पोस्टानं! शालिनी रडायला लागली. 'माझं नाव आत्यानं ठेवलं, ती आली नाही तर मी बोहल्यावर चढणार नाही!' तेवढ्यात तानूबाईचा फोन, तोही भावजयीला. 'रुक्मिणी, त्याला म्हणावं, मला एक अक्षर लागत नाही. लग्न आहे की बारसं, येऊन वाचून दाखव!'

गेला बापडा. आणि काय सांगू, घरोघर घडाघडा म्हणणारा माणूस अक्कापुढं सगळं विसरला की हो! पत्रिका डोळ्यांपुढं धरली, तर नुसती वेलबुट्टी. घाम फुटला! अक्कानं चष्मा चढवला, शेजारी येऊन वाकली. 'ही शेपटी कुठं चाललीय रे?' इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य! दोघांची बोटं शेपटीमागं... कोयरीला वळसा, मोराच्या पायाखालून... आणि पोचली कुठं, तर 'शालिनी'वर! 'मी ठेवलेलं नाव,' अक्का म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. केदारीही रडला. कढीचं नाव कुणी काढलं नाही.

लग्नाला तानूबाई सगळ्यांच्या आधी हजर, मिठाच्या डब्यावर पहारा! केदारीला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! परवा अक्काचा फोन, ह्या खेपेला थेट त्यालाच. 'नातवाचं लग्न ठरलं. पत्रिका त्याच अक्षरात छाप. कुणाला वाचता येता कामा नये! भावकीतली रुसलेली घरं अजून बाकी आहेत... सगळीकडं तूच जाऊन वाचून दाखवायची.'

आता दुकानात बसून पाठ करतोय बिचारा.