अकरा नंबरची बरणी

नंदा : अकरा नंबरची बरणी आठवते का हो तुम्हाला, रामदासभाऊ?

रामदास : आठवते की. पण आधी ते ‘भाऊ’ काढा, मॅडम. कॉलेजात नुसतं रामदास म्हणायचात. आज कॉलेजातल्या जुन्या लोकांना विचारत दापोडीपर्यंत आलात म्हणून एकदम भाऊ झालो का?

नंदा : तेव्हा चोवीस वर्षांची होते मी. तेवढी अक्कल नव्हती.

आम्रपाली : कसली बरणी, आजोबा?

रामदास : किड्यांची. या मॅडम पीएच.डी. करत होत्या आणि मी त्यांच्या लॅबमध्ये अटेंडंट. पिठातले तांबडे किडे असतात ना, तिळाएवढे? तशा तीस बरण्या होत्या. प्रत्येकीत वीस किडे सोडायचे. महिना झाला की चाळून मोजायचे, ताजं पीठ घालून परत ठेवायचे.

आम्रपाली : ईऽऽ! तुम्ही हातानं मोजायचात?

रामदास : हातानं कशाला? बारीक ब्रशनं. एकेक सरकवायचा. दुपारी दोनला बसलो की पाच कधी वाजले कळायचं नाही. त्या खोलीत कोमट पिठाचा वास असायचा, गिरणीत येतो तसा. अजून गिरणीपाशी थांबलो की मला वाटतं, आत मॅडम बसल्यात. बर्नरवर चहा करतायत, बीकरमध्ये.

नंदा : आणि तुम्ही त्याला नावं ठेवताय.

रामदास : चहा होता का तो? प्रयोगच होता.

नंदा : हसत होतो आपण तेव्हा. खूप हसायचो.

आम्रपाली : मग त्या अकरा नंबरचं काय झालं?

नंदा : सांगते. विसाचे दीडशे झाले, दीडशेचे चारशे. मला वाटलं, आता हजार, मग दोन हजार. पण सहाव्या महिन्यापासून आकडा हलेचना. चारशे दहा, तीनशे नव्वद, परत चारशे. पीठ तर दर महिन्याला ताजं, भरपूर. म्हणून मी यांना अंडी मोजायला सांगितली. इतक्या माद्यांची अंडी हजारोंनी सापडायला हवी होती. यांनी आणली पस्तीस.

आम्रपाली : फक्त?

नंदा : मला वाटलं, चाळताना यांनी पिठाबरोबर अंडी फेकून दिली.

रामदास : वाटलं नाही, मॅडम. म्हणालात. सगळ्यांसमोर.

नंदा : हो. म्हणाले. आणि विभागप्रमुखांना चिठ्ठीही दिली.

रामदास : त्या चिठ्ठीवर आमची बदली झाली. लॅबमधून कॉलेजच्या बागेत.

आम्रपाली : एक मिनिट. तुम्ही तर म्हणायचात, झाडं आवडायची म्हणून बागेत गेलात.

रामदास : नंतर आवडायला लागली.

आम्रपाली : आणि तुम्ही आत्ता येताय, मॅडम? सदतीस वर्षांनी? सिरीयसली?

रामदास : आम्रपाली, पाहुण्या आहेत त्या.

नंदा : बोलू द्या तिला. बरोबर बोलतेय. अगं, दोन वर्षांनी मला कळलं. गर्दी झाली की ते किडे आपलीच अंडी खातात. पीठ कमी पडतं म्हणून नव्हे, इतके दाटतात की वाटेत येईल ते अंडं खाल्लं जातं. म्हणून वाढ थांबते. माझ्या प्रबंधातलं हेच प्रकरण सगळ्यांना आवडलं. यांचे पस्तीस बरोबर होते, आणि मी तोंड उघडलं नाही. आधी लाज वाटली. मग नोकरी लागली. मग वाटलं, आता फार उशीर झाला.

रामदास : मग आज कसं काय?

नंदा : विभाग नव्या इमारतीत हलवला. रद्दीच्या ढिगात तुमची वही सापडली. त्या तारखेला तुम्ही लिहिलंय, ‘अंडी ३५. दोनदा चाळले.’



रामदास : तीनदा चाळलं होतं. दोनदाच लिहिलं, खोटं वाटेल म्हणून. आणि ते अंड्यांचं, मॅडम, मला ठाऊक होतं.

नंदा : ठाऊक होतं? कधीपासून?

रामदास : बदली झाली त्याच वर्षी. जाताना चिमूटभर किडे पुडीत बांधून घरी आणले. हिची आजी, शैला, काय भडकली! म्हणे, “मी धान्याला कीड लागू नये म्हणून उन्हं दाखवतेय, आणि तुम्ही कीड आणून पाळताय!” पण बरणी तिनंच दिली, लोणच्याची. ती बरणीही चारशेला अडकली, तेव्हा निम्मे काढून दुसऱ्या बरणीत टाकले. काही महिन्यांत दोन्हीकडे चारशे. मग एका रविवारी हिच्या बाबाचं शाळेचं भिंग घेऊन बसलो. एक किडा अंडं टाकून पुढे गेला. मागून दुसरा आला, खाऊन गेला. शैलाला दाखवलं, तर म्हणाली, “शी! जागा द्या की त्यांना.”

आम्रपाली : आजी असं म्हणाली?

रामदास : तिला प्रबंध लिहायला दोन वर्षं नसती लागली.

नंदा : मग मला का नाही सांगितलंत?

रामदास : आलो होतो. बरणी पिशवीत घालून. तुम्ही सरांशी बोलत उभ्या होतात. मला बघून म्हणालात, “बागेचं काही असेल तर ऑफिसात सांगा.” मी परत गेलो.

नंदा : मला... मला हे आठवतसुद्धा नाही.

रामदास : तुम्हाला कसं आठवेल?

नंदा : विभागाच्या स्मरणिकेत लेख मागितलाय माझ्याकडे. त्यात हे सगळं लिहिणार आहे. चिठ्ठीसकट. तुम्हाला चालेल का, हे विचारायला आले.

आम्रपाली : आता लिहून काय होणारे?

रामदास : होईल ना. तू वाचशील. लिहा, मॅडम. पण नुसतं वाईट नका लिहू. माझी फार चांगली वर्षं गेली त्या खोलीत. भांडण होण्याआधीची तीन वर्षं. तेही लिहा.

नंदा : लिहीन. आणि... तुमचं पूर्ण नाव सांगता? मला आडनाव माहीत नाही.

रामदास : हं. कधी विचारलंच नव्हतंत. घ्या, रामदास केरू ओव्हाळ. सावकाश लिहा, मॅडम. मला काही घाई नाही.