तारप्याकडे पाठ

जव्हार डेपोत गोकुळ क्लार्क खोडाळ्याच्या गाडीसाठी बसला होता. पाठीमागच्या बाकावर मायलेक होते. लेकाच्या, देवानंदच्या मांडीवर आवाज साठवून वाजवणारं मशीन, सॅम्पलर होता.

“तुझ्या बाचा तारपा त्या मशीनमधून पूस. मेलेला माणूस किती फुंकंल?”

“तेवढाच आवाज राहिलाय त्याचा, आये.”

“काल नाचात सगळ्यांनी मशीनकडं पाठ केली. तारप्याकडं तोंड करूनच नाचायचं, त्याला कोण पाठ दाखवतं?”

“नवी पोरं असतील.”

“मी पण होते. रिकाम्या जागेभोवती फिरत होतो आम्ही. तारपा तिथून वाजत होता. पूस, निजू दे त्याला.”

“आये, तो नाचाआधीच पुसला गेला. चुकीचं बटण दाबलं मी. काल मशीनमध्ये नुसता ढोल होता.”

गाडी लागली. भुताखेतांवर विश्वास नसलेला गोकुळ उठला आणि त्यांच्याकडे तोंड ठेवून, मागं मागं सरकत गाडीत चढला.