जड डबा

यात सिमेंट कुणी घातलं? — खाली नका बघू शेठ, इकडे बघा, हा डब्यातला गोळा हातात घ्या — घ्या म्हणतो ना! — रक्त लागलं तर लागू द्या, तुमचंच आहे. पोलिसांना विचारलं, यात सिमेंट कुणी घातलं? ते म्हणाले, घरी जा. कुठल्या घरी जाऊ? आगीच्या बंबावरच्या साहेबाला विचारलं, वीज कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं — त्याने तर डब्याकडे बघितलंही नाही, शॉर्ट सर्किट लिहिलं, सही ठोकली, झाला मोकळा. मी पंक्चरच्या दुकानात टायर खोलणारा माणूस, पाचवीत शाळा सुटली, पण मला एवढं कळतं की करंट देणाऱ्या डब्यात तांबं असतं. सिमेंट भिंतीत असतं. बरोबर ना? मग बोला. — ओरडू नका. शटर आतून लावलंय, आणि आज बाजार बंद. ही टॉमी बघितलीत ना? ट्रकचं टायर उपटते ही. तुमच्या काउंटरची काच तर तिला नाश्त्यालाही पुरली नाही. ओठच फुटलाय फक्त, दात आहेत. बसा.

ओळखलं नाहीत अजून? मला नका ओळखू, पण दादाला तरी — बारीक, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेला — तुम्हीच हाक मारायचात, ‘काय इंजिनिअर, आज काय न्यायचं फुकटात?’ हां, आता कसं आठवलं! तो इंजिनिअर नव्हता हो. एका ठेकेदाराकडे घरांचे नकाशे काढायचा. आईचं डावं अंग गेलं, तिला एकटं ठेवता येईना, मी म्हटलं मी बसतो घरी, तर म्हणाला, तू बसलास तर आईलाच तुझ्याकडे बघावं लागेल. मी घरूनच नकाशे काढतो, कॉम्प्युटर जोडतो. जोडतो म्हणाला, घेतो नाही — घेणार कशाच्या जोरावर? कॅबिनेट भंगारवाल्याकडून आणलं, पोचा मी ठोकून काढला. मदरबोर्ड एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. रॅम कुणाचा तरी प्रिंटर दुरुस्त केला त्याच्या बदल्यात. मॉनिटरवर उभी हिरवी रेघ होती, मी म्हटलं, हा परत कर, तर हसायला लागला — राहू दे रे, ती रेघ म्हणजे भिंत, तिला टेकवूनच घर काढीन. आणि आई पलंगावर स्क्रूची वाटी मांडीत घेऊन बसायची, चालत्या हाताने एकेक स्क्रू द्यायची, चुकीचा दिला की दादा म्हणायचा, ‘आई, हा तुझ्या धाकट्याच्या डोक्यातला ढिला झालेला, तो ठेव बाजूला.’ तोंड वाकडं होतं तिचं, तरी हसायची. बारा गावचं पाणी प्यालेलं ते यंत्र — पण चालायचं, शेठ! काय चालायचं!

चालत होतं तर मग तुमच्याकडे कशाला आलो? — अहो, कामं वाढली म्हणून. मोठे नकाशे यायला लागले, दादाने जुनं ग्राफिक कार्ड मिळवलं, आणि ते कार्ड लावलं की जुना करंटचा डबा, एसएमपीएस का काय म्हणता तुम्ही, तो धापा टाकायचा, कॉम्प्युटर मधेच झोपायचा. म्हणून मोठा डबा हवा होता. तुम्ही दोन ठेवले — इथेच, ही काच होती तिथे. किंमत सारखीच. दादा मागची चिठ्ठी वाचायला लागला तर तुम्ही म्हणालात, ‘चिठ्ठी काय वाचतोस, इंजिनिअर? हातात घेऊन बघ. जड ते मजबूत.’ — म्हणालात की नाही? — मान हलवू नका, तोंडाने सांगा! — मी इथे उभा होतो, या दाराशी. दादाने दोन्ही हातात तोलले. जड होता तो माझ्याकडे दिला आणि म्हणाला, चल, हमाल.

आता आमच्या घरचा एक नियम होता. नवीन काही लावलं की पहिलं बटण आईने दाबायचं, मग बंद करायचं, दुसऱ्यांदा दादाने, तिसऱ्यांदा मी. वयाप्रमाणे. पोरखेळच — पण आई त्यासाठी केस विंचरून बसायची. त्या दिवशी आईने दाबलं. पंखे फिरले, तिने दादाच्या गालाला हात लावला. मग दादाने दाबलं. माझी पाळी आली तर मी म्हटलं, मालक शिव्या घालेल, मी संध्याकाळी दाबतो — आणि सायकल काढली. दुपारी दादा आईच्या गोळ्या आणायला खाली गेला. गल्लीच्या तोंडाशी होता तोवर खिडकीतून धूर. लोकांनी धरलं त्याला, शर्ट फाटला, त्यांच्या हातात बाही राहिली. मी पोचलो तेव्हा — जिन्याच्या वरच्या पायरीवर. आई त्याच्या पाठीवर. तिचा चालता हात त्याच्या गळ्यात होता, तो सुटेना. दोघांना तसंच खाली आणलं. मीच आणलं. — तोंड का फिरवतोस? ऐक ना! विकताना बोलत होतास, आता ऐक!

रडताय? आता अहो-जाहो करतो परत, थांबा. — रडला तर तुम्हाला डबे पुरवणारा गोदामवाला पण. हो, काल त्याच्याकडेच गेलो होतो आधी. तो काय म्हणाला सांगू? म्हणाला, मी नाही रे, दुकानदारच जड मागतात, गिऱ्हाईक वजनाला भुलतं, आणि तुझा तो शेठ तर म्हणतो अजून जड पाठव. मी म्हटलं, सिमेंट कुणी घातलं? तो म्हणाला, सगळेच घालतात. सगळेच! सगळ्यांना कुठे जाऊन धरू मी? म्हणून त्यालाच — पण मी निघालो तेव्हा श्वास चालू होता त्याचा. बहुतेक. छातीतून आवाज येत होता. — हे सांगायचं नव्हतं मला तुम्हाला. सोडा ते.

हा कॉम्प्युटर बघा. तुम्ही शुद्धीवर नव्हता तेवढ्यात जोडला, तुमच्याच मालातून. दादाचा होता तसाच, तसंच कार्ड, फक्त हा डबा आता लावतो, तुमच्याच फळीवरचा, सील तुमच्यासमोर फोडतो. तुम्ही म्हणता ना, मला माहीत नव्हतं, शेकड्यात एखादा वाईट निघतो? मान्य. मग हा चांगला असेल. दाबा बटण. — दाबा ना. — पाय कशाला वर घेताय? लगेच काही होत नाही, आमच्याकडे सकाळी दाबलं तर दुपारपर्यंत चाललं. — अर्ध्या अंगाच्या बाईने दाबलं हो, केस विंचरून, आणि तुमचं हे धडधाकट बोट पुढे येत नाही? — बरं, दुसरं विचारतो. तुमच्या त्या बिलं काढायच्या कॉम्प्युटरमधला डबा पण खोललाय मी. तो बघा, तिथे पडलाय. तांबं. नुसतं तांबं, शेठ. हलका पण नाही आणि जड पण नाही. विकायला सिमेंट आणि वापरायला तांबं — मग माहीत नव्हतं कसं?

हात टेबलावर ठेव. तो नाही, उजवा. बोट पुढे कर. — आईचं हे बोट शेवटपर्यंत शाबूत होतं, मी बघितलंय, मीच धुतलं ते — डोळे उघड! उघडे ठेव! —

— ओरडू नका. टॉमी बाजूला बसली, टेबलाचा कोपरा फुटलाय. बोट आहे, हलवून बघा. आहे ना? मला पण वाटलं गेलं.

उठा. ही किल्ली. शटर अर्धंच उचला, वाकून निघा. वर कुणी राहत नाही, शेजारचा टेलर गावाला गेलाय, विचारून आलोय मी. हे सगळे जड डबे मी टेबलाभोवती रचलेत, ते राहू द्या, माझ्याबरोबरच जळू देत. पोलीस आले तर सांगा, आत आहे, त्याची पाळी राहिली होती. — पाणी नको मला. — निघा म्हटलं ना! — आणि शटर खाली ओढा.

आई झाली. तू झालास. — दादा, बघ, आता माझी पाळी. दाबलं.